घासाघीस कोणाला परवडते?

“वांगे कसे देले?”

“साठ रुपये किलो.”

“पन्नासनं लावा ना भाऊ.”

“पन्नासनं तं मलेच नाई पडत, मावशी. घ्या, पंचावन्न द्या.”

बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळच्या बाजारात हे बोलणे ऐकायला फार वेळ थांबावे लागत नाही. मेहकर तालुक्यातले, मेहकर-खामगाव रस्त्यावरचे हे गाव. आसपास सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापूस पिकवणारी खेडी. इथला शेतकरी दोन प्रकारच्या बाजारांत वावरतो. एका बाजारात तो पिशवी घेऊन जातो, दुसऱ्यात पोती घेऊन. पिशवीच्या बाजारात तो, त्याची बायको, त्याची आई, सगळेच भाव करण्यात पटाईत असतात. पोत्यांच्या बाजारात मात्र हीच माणसे गप्प उभी दिसतात. असे का होते, याचे उत्तर शोधायला ‘घासाघीस’ हा शब्द बारकाईने पाहणे उपयोगी पडते.

आधी वरचा संवाद. ‘कसे देले’ हा प्रश्न भूतकाळात विचारला जातो; जणू विक्री झालीच आहे, फक्त आकडा कळायचा राहिला आहे. ‘लावा’ म्हणजे माझ्यासाठी म्हणून भाव धरा. ‘मलेच नाई पडत’ म्हणजे माझी खरेदीच त्याच्या वर आहे. मराठीत भाव लावतात, पाडतात, तो चढतो, उतरतो, निघतो आणि शेवटी पटतो. ‘पटणे’ या एकाच क्रियापदाने आपण माणसाशी जमणे, मुद्दा मान्य होणे आणि किंमत मान्य होणे या तिन्ही गोष्टी सांगतो. बाजारातल्या बोलण्यात या तिन्ही एकदमच चालू असतात.

घासाघीस हा अभ्यस्त शब्द. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त अशा शब्दांचा विचार आहे: मूळ शब्द किंवा त्याचा काही भाग पुन्हा येऊन बनलेले शब्द. या घडणीचे सगळेच शब्द दोघांचे नसतात. टाळाटाळ एकटा माणूस करू शकतो. पण मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी यांना दोन बाजू लागतात. एकच जण मारत असेल आणि दुसरा नुसता खात असेल तर आपण त्याला मारामारी म्हणत नाही, मारहाण म्हणतो. घासाघीस याच दुसऱ्या गटातली. मुळात ‘घासणे’ आहे, संस्कृत घर्षणाच्या नात्यातले. दोन दगड एकमेकांवर घासले की दोन्ही झिजतात, तसे इथे गिऱ्हाईक थोडे वर येते आणि दुकानदार थोडा खाली. साठ आणि पन्नासचे पंचावन्न होतात.

रोजच्या वापरात या शब्दाचे शेजारी बरेच आहेत आणि प्रत्येकाचा प्रांत वेगळा आहे. ‘भाव करणे’ हे साधे, बिनरंगाचे. वऱ्हाडात ‘भावताव’ही म्हणतात. घासाघिशीत थोडी चिकाटी आणि थोडी चिवट काटकसर गृहीत असते, म्हणून ‘दोन रुपयांसाठी काय घासाघीस करता’ असे सुनावले जाते. ‘हुज्जत’ घालतात तेव्हा भाव बाजूला पडतो आणि वाद उरतो. ‘वाटाघाटी’ सरकार, पक्ष, कामगार संघटना अशा मोठ्या मंडळींच्या. तरी निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रे ‘जागावाटपाची घासाघीस’ असेही लिहितात, कारण तिथेही दोन्ही बाजू आकडा धरून बसलेल्या असतात. ‘तडजोड’ हा घासाघिशीचा शेवट. आणि ‘अडवणूक’ हा तिचा अभाव. समोरच्याला जायला दुसरी वाटच नाही हे ओळखून सांगितलेला भाव म्हणजे अडवणूक. मग तोंडाने कितीही बोलणे झाले, पाच-पन्नास रुपये पुढे-मागे झाले, तरी ती घासाघीस होत नाही. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण याच अवस्थेबद्दल आहे. अक्कल असतेच; ती वापरायला सवड नसते.

भाजीच्या पालासमोर दोन्ही बाजूंना सवड असते. मावशी पुढच्या पालावर जाऊ शकते आणि भाजीवाल्यालाही मागून दुसरे गिऱ्हाईक येणार हे ठाऊक असते. दिवस कलला, भाजी सुकू लागली की मात्र त्याची सवड संपते आणि भाव झपाट्याने उतरतो. उशिरा बाजार करणारे हे जाणूनच उशिरा येतात. सकाळी याच्या उलटे. पहिली विक्री म्हणजे बोहनी, काही भागांत भवानी. ती मोडू नये म्हणून विक्रेता पहिल्या गिऱ्हाइकाला सहसा परत पाठवत नाही आणि जाणते गिऱ्हाईकही त्या वेळी फार ताणत नाही. एकाच दिवसात, एकाच पालावर, सौद्याचे पारडे कितीदा कलते ते असे पाहता येते.

घासाघीस हा मागासलेल्या बाजाराचा अवशेष आहे, असे मानणारे पुष्कळ. क्लिफर्ड गिर्ट्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू या गावाच्या बाजाराचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये वेगळी मांडणी केली. अशा बाजारात सगळ्यात दुर्मीळ वस्तू म्हणजे माहिती, असे त्याचे म्हणणे. माल कसा आहे, खरी किंमत काय, दुसरीकडे काय भावाने मिळतो, हे कोणालाच पुरते ठाऊक नसते. घासाघीस ही ती माहिती खणून काढण्याची रीत आहे. हे जानेफळलाही लागू पडते. ‘मलेच नाई पडत’ या वाक्याचा सूर ऐकून अनुभवी बाई ओळखते की हा खरेच पन्नासला देणार नाही की अजून दोनदा विचारायला हरकत नाही.

याच्या उलट टोकाला ‘एकच भाव’ची पाटी. तिचा इतिहास फार जुना नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी एकच किंमत सांगण्याचा आग्रह धरला, कारण जास्त सांगून कमीवर येणे हे त्यांच्या लेखी खोटे बोलणे होते. त्याच शतकात जपानच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, मित्सुई घराण्याने १६७३ मध्ये एचिगोया हे कापडाचे दुकान काढले. रोख पैसे आणि सगळ्यांना सारखा दर ही त्याची ख्याती झाली. आपल्याकडे पाकिटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे १९९० पासून आले. गावोगावच्या किराणा दुकानांत ही छापील किंमतच खरी किंमत मानली जाते, पण तिच्या नावातच ‘कमाल’ आहे. तिच्यापेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे. कमी घ्यायला किंवा कमी मागायला कायद्याची कोणतीच आडकाठी नाही. साबणाच्या वडीवर घासाघीस करायला आपण लाजतो, आणि दोन जुड्या मेथी घेऊन बसलेल्या बाईशी मात्र करतो. हे उलटे व्हायला हवे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

भाव तोंडाने सांगावाच लागतो असेही नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात विजापूर आणि गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या खाणींपर्यंत पोचला होता. तिथला सौदा कसा होई ते त्याने तपशिलाने लिहून ठेवले आहे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत. एकाच्या शेल्याखाली दोघांचे उजवे हात जात. सबंध हात धरला की हजार. पाच बोटे दाबली की पाचशे, एक बोट धरले की शंभर. बोटाच्या मधल्या पेरापर्यंत धरले तर पन्नास आणि नुसते टोक धरले तर दहा. तोंडातून अवाक्षर नाही, चेहऱ्यावर काही नाही. भोवती माणसे बसलेली असत, तरी एकच पुडी त्याच जागी एकाहून अधिक वेळा विकली जाई आणि किती किमतीला ते कोणाला कळत नसे.

मराठीत या बोटांच्या भाषेला करपल्लवी म्हणतात, बाजारात हत्ता. बैलबाजारात ती फार काळ चालत आली. दुपट्ट्याखाली किंवा रुमालाखाली हात जातो, बोटे धरली जातात, हजार की शंभर ते आधीच ठरलेले असते. एकाने बोटे धरायची, दुसऱ्याने मान हलवायची, पुन्हा वेगळी बोटे. बैल दोन दाती की जुळलेला, चालीला कसा, काही खोड आहे का, हे सगळे उघड्यावर बोलायचे; आकडा तेवढा झाकायचा. पटले की विसार द्यायचा. बैलाच्या बदल्यात बैल असेल तर वरची रक्कम, म्हणजे वरताळा, तोही असाच बोटांनी ठरायचा.

तोंडी गुप्तता हवी असेल तर नंदभाषा होती. दुकानदार आणि दलालांची ही सांकेतिक बोली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही नोंदलेली आहे. आवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाइकासमोरच मालक नोकराला ‘मुळूपर्यंत ये’ असे सांगू शके आणि गिऱ्हाईक बिचारे वांग्या-मुळ्यांचे काही चालले आहे असे समजे.

शेल्याखालचा सौदा वाईटच, असे म्हणता येणार नाही. ताव्हेर्निएने पाहिलेल्या सौद्यात हात मालकांचे होते. हिरा ज्याचा, त्याचाच हात शेल्याखाली. पैसा ज्याचा, त्याचाच हात समोर. झाकलेला असला तरी तो दोघांचा सौदा होता. धान्याच्या आणि कापसाच्या बाजारात मात्र रुमालाखाली जाणारे दोन हात अडत्याचे आणि खरेदीदाराचे असत. ज्याने वर्षभर राबून माल पिकवला तो बाजूला उभा. रुमाल उचलल्यावर त्याला जो आकडा सांगितला जाई तोच त्याने खरा मानायचा. रुमालाखाली कदाचित जास्त ठरले असेल, कदाचित नसेल. त्याला कळायला मार्ग नव्हता. घासाघिशीची सगळी हालचाल तिथे होती आणि माणूस मात्र चुकीचा होता.

हे दुखणे वऱ्हाडात फार लवकर पुढे आले, कारण इथला कापूस फार लवकर जगाच्या बाजारात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. जानेफळच्या उत्तरेला असलेले खामगाव तेव्हा वऱ्हाडातल्या सगळ्यात मोठ्या कापूसबाजारांपैकी एक होते. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो या कापसासाठीच. घाटावरून बैलगाड्या उतरायच्या, कापसाचे ढीग पडायचे आणि भाव ठरायचा. गिरण्यांना हवा होता स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस, ठरलेल्या मापाचा. त्यासाठी बाजाराला शिस्त लावणे इंग्रजांना गरजेचे वाटले. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटच्या कारभाराखाली होते. त्याच्या आदेशाने १८८६ मध्ये कारंजा (आता वाशीम जिल्हा) इथे बाजार नियमनाखाली आला. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार समजला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. आज देशभर दिसणाऱ्या बाजार समित्यांचे मूळ या आपल्या मुलखात आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून मुलांपर्यंत जायला हवी.

त्या कायद्यात एक मोठी उणीव होती. बाजार चालवणाऱ्या समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती. पिकवणाऱ्याला जागा नव्हती. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात या व्यवस्थेतल्या त्रुटी दाखवल्या आणि नियंत्रित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारसही केली. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा. त्यात समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आहेत आणि रुमालाखालच्या सौद्याची जागा उघड लिलावाने घेतली आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार योजनेत तर कापसापुरती घासाघीस संपलीच होती. भाव सरकारचा, घेणारेही सरकार. पुढे सुमारे तीन दशकांनी खासगी खरेदी मोकळी झाली आणि कापसाला पुन्हा व्यापारी आले.

उघड लिलावाला विदर्भात हर्रास म्हणतात. दोन्ही शब्द बाहेरून आलेले: लिलाव पोर्तुगिजांकडून, हर्रास अरबीकडून. हर्रास कसा होतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. सोयाबीनचा ढीग ओट्यावर ओतलेला असतो. अडत्याचा माणूस आणि त्याच्यामागे खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकतो. एक जण मूठभर दाणे घेतो, फुंकर मारून काडीकचरा उडवतो, तळहातावर दाणे पसरवून पाहतो, एक दाताखाली धरतो. कट् आवाज आला तर वाळलेला, दबला तर ओला. आकडे पुकारले जातात, दहा-वीस रुपयांनी चढतात आणि थांबतात. एका ढिगाला मिनिटभरही लागत नाही. चार महिन्यांच्या पिकाची किंमत तेवढ्यात ठरते. या सगळ्यात शेतकरी ढिगाच्या पलीकडे उभा असतो आणि बोलत कोणीच त्याच्याशी नसते.

रुमाल गेला हे फार मोठे काम झाले. आकडा आता त्याच्या कानावर पडतो. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्कही त्याला आहे. पण हा हक्क वापरायचा तर माल पुन्हा पोत्यांत भरायचा, हमाली द्यायची, टेम्पोचे भाडे दुसऱ्यांदा द्यायचे, आणि उद्या भाव वाढेलच याची खात्री नाही. मावशीला पुढच्या पालावर जायला दहा पावले चालावे लागते. याला वीस-पंचवीस किलोमीटर आणि दोन भाडी.

शिवाय आकडा ठरला म्हणजे सौदा संपला असेही होत नाही. भावाची घासाघीस उघड्यावर आली तेव्हा ती गुपचूप वजनाकडे सरकली. क्विंटलमागे किलो-दोन किलो कट्टी किंवा कडता, बारदान्याचे वजन, नमुन्याला घेतलेले दाणे, खाली सांडलेले मातेरे, शिवाय हमाली, तोलाई. यातल्या काही कपाती नियमात बसतात, काही नुसत्या वहिवाटीच्या नावाखाली होतात. पाच हजार रुपये क्विंटलच्या मालात दोन किलोची कट्टी म्हणजे शंभर रुपये. हर्रासात भाव शंभराने वाढावा म्हणून जो कान देऊन उभा होता, त्याचे शंभर काट्यावर जातात आणि तिथे आकडा पुकारला जात नाही. म्हणून हिशेबपट्टी हातात घेऊन ती ओळीओळीने वाचणे, न समजलेली कपात विचारणे, ही आजच्या काळातली खरी घासाघीस आहे. ती करायला शेतकऱ्यांनी अजिबात संकोचू नये.

ओलाव्याचेही असेच. सरकारी खरेदीत २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये ठरला. या आकड्यांवर कोणी घासाघीस करू शकत नाही. पण सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते, आणि कापसाला ८ टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला भाव उतरत जाऊन १२ च्या पुढे तो घेतलाच जात नाही. परतीचा पाऊस लांबला की काढणीच्या वेळचा दाणा १२ च्या वर राहतो. २०२४ च्या हंगामात ओरड झाल्यावर केंद्र सरकारने सोयाबीनसाठी १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. म्हणजे वाद रुपयांवरून टक्क्यांवर गेला, आणि टक्का मोजण्याचे यंत्र खरेदीदाराच्या हातात राहिले.

तिसरी वाट खेडा खरेदीची. व्यापारी किंवा त्याचा माणूस गावात येतो, दारातच माल पाहतो, तिथेच काटा लावतो. इथे मात्र पुन्हा दोन माणसे समोरासमोर येतात, चहा होतो, “काही कमीजास्त करा ना भाऊ” सुरू होते. दिसायला ही अस्सल घासाघीस. भाडे वाचते, दिवस वाचतो, रोख पैसे मिळतात, म्हणून अनेकांना ती सोयीची वाटते आणि त्यात गैर काही नाही. पण समोर खरेदीदार एकच असतो आणि काटा त्याचाच असतो. आज मेहकरला किंवा खामगावला काय भाव निघाला हे मोबाईलवर आधी पाहून ठेवणाऱ्या शेतकऱ्याशी तो वेगळे बोलतो, न पाहिलेल्याशी वेगळे. गिर्ट्झने सेफ्रूत जे पाहिले ते जानेफळच्या ओसरीवर असे दिसते.

माहिती मिळाली तरी एक गोष्ट उरते: वेळ. एरियल रुबिन्स्टीन या इस्रायली अर्थशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये घासाघिशीचे गणित मांडले. दोन माणसे एक रक्कम वाटून घेण्यासाठी आळीपाळीने आकडे सांगत आहेत आणि प्रत्येक फेरीबरोबर उशीर होतो आहे, अशी त्याची कल्पना. निष्कर्ष असा निघाला की ज्याला थांबणे कमी जड जाते त्याच्या वाट्याला जास्त येते. कोण चांगले बोलतो, कोण चतुर, कोण तोंडाने कडक, याला त्या गणितात जागाच नाही.

सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात निघते. त्याच वेळी कृषी सेवा केंद्राची उधारी उभी असते, काढणी-मळणीची मजुरी द्यायची असते, हरभऱ्याचे बियाणे आणायचे असते आणि दिवाळी तोंडावर आलेली असते. सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, आवक फुगते आणि भाव पडतो. खरेदीदाराला त्या महिन्यात कसलीच घाई नसते. भाजीवाल्याला संध्याकाळी जे होते तेच शेतकऱ्याला हंगामाच्या पहिल्याच महिन्यात होते. त्याची भाजी सुकत नाही, हातातला पैसा सुकतो.

राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना याच दुखण्यावर आहे. १९९०-९१ पासून ती चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल ठेवायचा. त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने मिळते. हातात पैसे येतात आणि माल आपलाच राहतो. उधारी भागते, पेरणी होते आणि विकायचे की नाही हे जानेवारी-फेब्रुवारीत ठरवता येते. भाव वाढेलच असे नाही. काही वर्षी तो आणखी पडलाही आहे, आणि तेव्हा व्याज अंगावर येते. पण निर्णय दिवाळीची तारीख घेत नाही, विकणारा घेतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांचा उपयोगही इथेच आहे. २००२ च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीने त्यांना जागा मिळाली. दहा पोती घेऊन आलेल्या माणसाला खरेदीदार जे बोलतो ते हजार पोत्यांचा माल एकत्र चाळून, वाळवून, स्वतःच्या काट्यावर तोलून ठेवलेल्या गटाला बोलत नाही. अर्थशास्त्राची पुस्तके याला सौदाशक्ती म्हणतात.

माहिती आणि वेळ या दोन गोष्टी गावपातळीवर पोचवायला फार मोठा खर्च येणार नाही. प्रत्येक उपबाजारात आणि जमेल तिथे मोठ्या गावात तारणासाठी कोरडे गोदाम हवे, कारण दूरच्या गोदामाचे भाडेच व्याजाहून जड होते. ओलावा मोजण्याचे यंत्र खरेदीदाराच्या टेबलावर नको. हर्रासाच्या आधी, शेतकऱ्याला आकडा दिसेल असे, बाजार समितीच्या माणसाच्या हातात हवे, आणि तो आकडा हिशेबपट्टीवर भाव आणि वजन यांच्याशेजारी छापून यायला हवा. कट्टीचा वेगळा रकाना त्या पट्टीवर असावा आणि त्यात किलो किती गेले ते लिहिलेले असावे. काट्यावर पोते चढण्याआधी हे आकडे त्याला कळले, तर विचारायला तोंड उघडेल.